तिळाएवढं हृदय आणि आईच्या माथी मारलेला दोष

गेल्या वर्षी शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं होतं. दुसरीतल्या एका मुलीच्या छातीला डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. पुढे इको केल्यावर हृदयाला छिद्र निघालं. तिची अम्मी मला भेटली तेव्हा उपचाराचं नंतर, आधी म्हणाली, "टीचर, सास म्हणते मी ग्रहणात सुरी हातात घेतली होती. माझ्यामुळेच झालं का हो?"

शंभरातल्या साधारण एका बाळाला जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो. तरी प्रत्येक घरात शोध सुरू होतो तो आईच्या चुकीचा. म्हणून सध्या व्हिएन्ना आणि अमेरिकेत जे संशोधन चाललंय, ते आपल्या घरांपर्यंत यायला हवं असं मला वाटतं.

बाळाचं हृदय साधारण २२ व्या दिवशी धडधडू लागतं. तेव्हा पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो, कित्येकींना पत्ताही नसतो. एवढ्या लवकर आईच्या पोटात डोकावून बघणार कसं? त्यावर संशोधकांनी वाट काढली. मोठ्या माणसाच्या त्वचेची किंवा रक्ताची पेशी पुन्हा 'कोऱ्या पाटी'सारखी करता येते, हे जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदरात आणि २००७ मध्ये माणसाच्या पेशीत दाखवलं. २०१२ चं नोबेल त्यांना यासाठीच मिळालं. म्हणजे या कामाला भ्रूण लागतोच असं नाही. आपल्याकडे हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

अशा मूळ पेशींपासून व्हिएन्नातल्या साशा मेंडजान यांच्या गटाने २०२१ मध्ये तिळाएवढे, आपोआप धडधडणारे गोळे वाढवले. पेशींनी स्वतःच जमून आत पोकळी केली. हृदयाचा डावा भाग अपुरा राहण्याच्या आजाराशी जोडलेलं एक जनुक बंद केलं, तर ती पोकळीच नीट झाली नाही. २०२३ मध्ये त्यांनी हृदयाचे पाचही सुरुवातीचे भाग एकत्र वाढवले. गंमत बघा, आधी डाव्या कप्प्याच्या तालावर बाकीचे धडधडतात आणि दोनेक दिवसांनी ताल वरच्या कप्प्यांच्या हाती जातो. मुरुमांवर देतात त्या जातीच्या काही औषधांनी कोणता भाग बिघडतो, तेही यात दिसलं. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा प्रयोग मात्र मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतला, तोही २०२१ चाच. तिथे असेच गोळे मधुमेही आईच्या रक्तात असते तेवढ्या साखरेत आणि इन्सुलिनमध्ये वाढवले. ते जास्त मोठे झाले, त्यांचे ठोकेही बिघडले. गरोदर राहण्याआधीपासून साखर वाढलेली असेल तर बाळाच्या हृदयाला धोका वाढतो, हे डॉक्टरांना आधीच माहीत होतं. आता तो बिघाड होताना डोळ्यांनी पाहता येतो.

आता आपल्या तपासणीचा हिशेब मांडा. नाव नोंदवायला आपण जातो दोन-तीन महिने झाल्यावर. साखरेची दुसरी तपासणी २४ ते २८ आठवड्यांत. हृदयाचे चार कप्पे तर आठव्या आठवड्यापर्यंत बहुतेक तयार झालेले असतात! निकाहाआधी हॉल, दावत, दागिने सगळं ठरतं. मुलीची साखर कोणी बघत नाही. बाळाचा विचार सुरू झाला की आधी साखर तपासावी, फोलिक ॲसिड सुरू करावं, चालू औषधं डॉक्टरांना दाखवावीत.

'प्रयोगशाळेत हृदय बनलं' अशा मथळ्यांनी मात्र हुरळू नका. या गोळ्याला शरीराचा रक्तप्रवाह नाही, तो कुणाच्या छातीत बसवायचा नाही, आणि आज आजारी असलेल्या मुलाला त्याचा थेट उपयोग नाही. आणि हो, ग्रहणाच्या जागी आता साखर धरून सुनेला बोलायचं, असंही नको. बऱ्याच मुलांमध्ये नेमकं कारण सापडत नाही, काहींमध्ये जनुकाचा बदल असतो. त्यात ना आईचा हात, ना बापाचा.

त्या अम्मीला मी एवढंच म्हटलं, सुरीचा काही संबंध नाही. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हे सासूला तुम्ही सांगाल का?" त्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले.