मुलाचे पहिले चलान

गेल्या महिन्यात आमच्या दवाखान्यात एक कापड दुकानदार आले. रक्तदाबाचे जुने रुग्ण. दर वेळी येतात आणि दर वेळी चार-पाच दिवसांच्या गोळ्या चुकल्याचे प्रांजळपणे कबूल करतात. त्या दिवशी दाब १६०/१०० भरला. काही त्रास होतो का, असे विचारल्यावर म्हणाले, "मला काही होत नाही, डॉक्टर. त्रास आहे तो या कार्ट्याचा," आणि मोबाईल माझ्यापुढे धरला.

वाहतूक पोलिसांचे ई-चलान होते. मोटारसायकल वडिलांच्या नावावर, तेव्हा संदेशही वडिलांनाच आलेला. सोबत छायाचित्र. गावाबाहेरच्या फाट्याजवळ उतार आहे, तिथे ५० ची पाटी आहे. गाडीचा वेग ८३. मागे मित्र बसलेला. दंड एक हजार रुपये. चिरंजीवांना लायसन मिळून जेमतेम चार महिने झाले होते. ते बाहेर बाकावर खाली मान घालून बसले होते.

"याला चार शब्द सांगा. दंडाचं मी बघतो. लोकअदालत लागली की थोडं कमी होतं म्हणतात."

आरोग्याच्या सदरात चलान कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण विचार करा. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरील अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसे गेली. त्यांतले दर दहांतले सात मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते २९ वर्षे वयात मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण रस्ते अपघात हेच आहे. गल्लीत डेंग्यूचा एक रुग्ण निघाला की आपण हौद रिकामे करतो, कोरडा दिवस पाळतो. इथे मात्र घरातच लक्षण दिसले, तर ते लोकअदालतीपर्यंत पुढे ढकलतो.

मुलाला आत बोलावले. मुलगा चांगला आहे. अभ्यास बरा, व्यसन नाही. मी विचारले, काय रे, काय झालं? तो म्हणाला, "काही झालं तर नाही ना, डॉक्टर. नुसता फोटो निघाला."

बाप आणि लेक, दोघांचे उत्तर एकच! मला काही होत नाही. रक्तदाबाचे हेच तर दुखणे आहे. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही आणि एक दिवस अर्धे अंग लुळे पडते. वेगाचेही तसेच. शंभर वेळा काही होत नाही, म्हणून तो अंगवळणी पडतो. पहिले चलान म्हणजे पट्टा बांधून घेतलेला पहिला आकडा. तो खोटा नसतो आणि त्या क्षणी दुखतही नाही.

मी कागद घेऊन त्याला हिशेब करून दाखवला. ५० च्या वेगात माणूस सेकंदाला १४ मीटर जातो, ८३ च्या वेगात २३ मीटर. समोर म्हैस आली हे डोळ्यांना दिसून हात-पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्यानंतर ब्रेक लागतो. रस्ता कोरडा आणि ब्रेक उत्तम धरले तरी ५० ला गाडी थांबायला एकूण तीसेक मीटर लागतात, ८३ ला पासष्टच्या पुढे. म्हणजे एस.टी.च्या अडीच बसऐवजी साडेपाच बस. उतार, वाळू, मागे बसलेला मित्र हे सगळे आणखी वेगळे.

ते त्याला फारसे भिडले नाही. मग म्हटले, ५० च्या वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडणे. ८३ ला तोच हिशेब नवव्या मजल्यावर जातो. आपल्या गावात नऊ मजली इमारत नाही. तो हसला नाही, तेव्हा वाटले, थोडे आत गेले असावे. शरीर या वेगासाठी घडलेलेच नाही. गाडी थांबते, कवटी थांबते, पण आतला मेंदू पुढे जात राहून हाडावर आपटतो. मांडीचे हाड मोडले तर बाहेर थेंब न दिसता लिटर-दीड लिटर रक्त आतल्या आत वाहून जाते. अंगात सगळे मिळून पाच लिटर असते. हेल्मेट घालावेच, मृत्यूचा धोका त्याने चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी होतो. परंतु हेल्मेट हा वेगावरचा उतारा नव्हे. मांडीला हेल्मेट नसते.

आता मेंदूविषयी. पुढचा विचार करणारा, स्वतःला आवर घालणारा भाग कपाळामागे असतो आणि तो पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. कायदा अठराव्या वर्षी लायसन देतो, निसर्ग आपल्या गतीने चालतो. अमेरिकेत २००५ साली गार्डनर आणि स्टाइनबर्ग या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना आणि मोठ्यांना गाडी चालवण्याचा पडद्यावरचा खेळ दिला. काहींना एकटे असताना, काहींना मित्र जवळ असताना. मित्र जवळ आले की किशोरवयीन मुले कितीतरी जास्त धोका पत्करत. मोठ्यांत तसा फरक पडला नाही. माझ्यासमोरच्या मुलाला मी विचारले, मागचा मित्र काय म्हणत होता? थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "पीळ म्हणाला."

"आणि एवढी घाई कसली होती?"

त्याने वडिलांकडे पाहिले. वडिलांनी छताकडे. मग हळूहळू बाहेर आले ते असे. सुरतेचा माल उतरला होता, दुकानात माणूस नव्हता. वडिलांनी अर्ध्या तासात तीनदा फोन केला होता: कुठे मेलास, लवकर ये. तिसरा फोन त्याने गाडी चालवतानाच घेतला होता.

इथे मला माझे मत स्पष्ट सांगितले पाहिजे. पोरांच्या वेगाविषयी आपण घसा कोरडा करतो. पण त्यातला बराचसा वेग आपणच घरातून बांधून देतो. सातच्या शिकवणीला सहा पन्नासला उठवायचे. गाडीवर असल्याचे ठाऊक असून फोन करायचा आणि उचलला नाही तर रागवायचे. रेल्वे फाटक पडताना स्वतः खालून गाडी काढायची, मागे लेकरू बसवून. चार लोकांत सांगायचे, आमचा पठ्ठ्या तालुक्याहून वीस मिनिटांत येतो. मैदानात आठचा आकडा काढून लायसन मिळते. वाहन चालवणे मात्र मूल वर्षानुवर्षे आपल्या पाठीमागे बसून शिकत असते.

कॅमेरा मुद्दाम उतारावर लावतात, हा पैसे गोळा करायचा धंदा आहे, असेही त्या गृहस्थांचे म्हणणे होते. असेलही. वाद घालायला ती जागा चांगली आहे. पण आकडा ८३ होता, हे त्यांनाही नाकारता येईना.

मग करायचे काय? मारझोड नको. किल्ली कायमची कपाटात टाकूनही उपयोग नाही. मुलगा मित्राची गाडी घेईल आणि ती कोणत्या वेगाने चालते ते आपल्याला कळणारही नाही. सगळ्यांत वाईट म्हणजे गुपचूप दंड भरून विषय मिटवणे. त्यातून मूल एवढेच शिकते की बाप आहे. मी सुचवले की दंड मुलाने भरावा. पैसे नसतील तर सुट्टीच्या दिवशी दुकानात बसून फेडावेत, आणि छायाचित्र उघडून ऑनलाइन भरणाही त्यानेच वडिलांच्या शेजारी बसून करावा. सहा महिने मागे मित्र बसवू नये. न्यूझीलंडने १९८७ पासून नव्या चालकांना टप्प्याटप्प्याने परवाना देताना सोबतीच्या माणसांवर बंधन घातले, ते काही उगाच नव्हे. गाडीवर असताना फोन घ्यायचा नाही, हा नियम फोन करणाऱ्यालाही लागू. आणि आठवड्यातून एकदा वडिलांनी त्याच्या मागे बसून जावे, गप्प राहून. हे शेवटचे सगळ्यांत अवघड, विशेषतः गप्प राहणे.

इथे मुलगा निदान अठरा पूर्ण होता. आपल्या गावात शाळा सुटायच्या वेळी उभे राहा, चौदा-पंधरा वर्षांची मुले तिघे-तिघे बसून जाताना दिसतील. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला मोटारीच्या धडकेत दोन तरुण जीव गेले. सतरा वर्षांचा मुलगा मोटार चालवत असल्याचा आरोप होता. जामीन देताना त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितले, यावर सारा महाराष्ट्र संतापला. आमच्या दवाखान्यातही आठवडाभर तोच विषय. बोलणाऱ्यांपैकी दोघांची शाळकरी मुले बाहेर गाडी घेऊन थांबलेली होती.

असो. पंधरा दिवसांनी ते गृहस्थ पुन्हा आले. दाब १४०/९०, गोळ्या फक्त एकच दिवस चुकलेल्या. दंड मुलानेच भरला होता. दोन रविवार दुकानात ठाण उघडणे आणि घड्या घालणे चालले होते. मित्र तीन दिवस चिडवत होता, नंतर सायकलवर येऊ लागला.

"आज उशीर केलात," मी म्हणालो.

"काय करणार? ह्याच्या मागे बसून आलो," ते कुरकुरत म्हणाले. "चाळिसाच्या वर नेतच नाही हो!"