दोरी कुणाच्या हातात?

अठराव्या शतकात पॅरिसच्या दिवाणखान्यांत जन्मलेली रोकोको शैली म्हणे हलकीफुलकी! शिंपल्यांची वळणं, सोनेरी वेलबुट्टी, फिकट गुलाबी-निळे रंग. सरळ रेघेशी तर उभा दावा. मान्य! पण फ्रागोनारचं १७६७ च्या सुमाराचं ‘झोका’ हे चित्र बघा. बाईसाहेब झोक्यावर, सपाता हवेत, खाली झुडपात तरुण रसिक. जाणकार इथंच माना डोलावतात. अहो, मागं अंधारात एक म्हातारा दोऱ्या ओढतोय, त्याचं काय? तिथल्या बहुतेक सरदारांना मुख्य कर माफ. भरायचा तो शेतकऱ्यानं. १७८९ साली त्यानं दोरी सोडून दिली. तेव्हापासून कुणी ‘काय नाजूक कला!’ म्हणालं, की आपण आधी दोरी शोधावी.