ताट हाताला सोयीचे हवे

मगरिबची अजान होते, खजूर तोंडात जातो आणि रोजा सुटतो. समोर फळे, भजी, शरबताचा पेला. काही मिनिटांतच नमाजला उभे राहायचे असते. एवढ्या थोड्या वेळात माणसाला निवांत खाता यावे, तर त्याच्यासमोर भांडे कसे हवे? सार्वजनिक इफ्तारचे सामान आणताना हा साधा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

आजकाल अनेक ठिकाणी इफ्तारचा कार्यक्रम उभ्या-उभ्या होतो. डाव्या हातात कागदी प्लेट, उजव्या हाताने खायचे. मग पेला धरायचा कशात? खजुराची बी ठेवायची कुठे? कलिंगडाचे पाणी भज्यांखाली जाते आणि प्लेट मधोमध वाकते. दिवसभराचा रोजा असलेले सत्तरीचे आजोबा ती सावरताना ओशाळतात, आपलाच हात थरथरला असे त्यांना वाटते. दोष खरे तर त्या प्लेटचा असतो. २०१८ मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली, ते योग्यच झाले. पण बदलला तो कागद. आकाराचा विचार झालाच नाही.

आपल्या जुन्या भांड्यांमध्ये हा विचार होता. दाऊदी बोहरा कुटुंबांत सात-आठ जण एका मोठ्या थाळाभोवती बसतात. थाळाखाली बैठक असते, त्यामुळे फार वाकावे लागत नाही. थाळ गोल, म्हणून प्रत्येकाचा हात सारखाच पोचतो. आपल्या पुढ्यातलेच खावे, ही पैगंबरसाहेबांची शिकवण तिथे मुले न सांगता शिकतात. काश्मीरच्या वाझवानमध्ये एका त्रामीत चौघे जेवतात आणि भातावर आडवे-उभे ठेवलेले कबाब चौघांचे वाटे आखून देतात.

मराठी ताटाचेही तेच. काठ उभा असतो, म्हणून आमटी-भाताचा घास त्याला टेकवून गोळा करता येतो. पातळ पदार्थाला वाटी. भाजी-आमटी उजवीकडे, चटणी-कोशिंबीर डावीकडे. जे जास्त लागते ते जेवणाऱ्या हाताजवळ. फुलपात्राचा काठ बाहेर वळलेला, म्हणून वरून पाणी पिताना धार नीट पडते. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला दिलेल्या अहवालात साध्या लोट्याचे मनापासून कौतुक केले होते. त्याच अहवालातून पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. लोट्याला कुणी एक कारागीर नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने त्याला तो आकार आला.

अर्थात, जुने ते सगळेच सोयीचे असे नाही. गुडघे दुखणाऱ्याला जमिनीवर बसवणे हा जुलूमच. एका थाळात जेवणे प्रत्येकाला रुचत नाही. करोनानंतर तर अनेकांना संकोच वाटतो. त्यावर उपाय अवघड नाही. थाळ मधोमध ठेवावा, वाढायला डाव द्यावा, प्रत्येकासमोर उभ्या काठाची स्टीलची ताटली असावी. बिया टाकायला एक वाटी. शाकाहारी शेजाऱ्यांचे पदार्थ वेगळ्या भांड्यात, वेगळ्या डावाने. कडेला वयस्करांसाठी चार खुर्च्या आणि एक टेबल. स्टीलची भांडी घासावी लागतात, हे खरे. पण मोहल्ल्यातली तरुण मुले मनावर घेतील तर ते काम तासाभराचे आहे.

आयोजकांनी प्लेटांची ऑर्डर देण्याआधी एक संध्याकाळ नुसते बघावे: कोण कसे बसते, कुणाचे सांडते, कोण अर्धवट खाऊन उठते. लग्नाच्या बुफेला आणि गणेशोत्सवातल्या महाप्रसादालाही हे तितकेच लागू आहे. रोजेदाराला खाऊ घालण्यात मोठा सवाब आहे, अन्नदानात मोठे पुण्य आहे. समोरच्याला ते अन्न न सांडता, न ओशाळता खाता यावे, एवढी काळजी त्यात धरलेलीच आहे.