इलेक्ट्रिक कार साडेसहा सेकंदांत शंभरी गाठतेय, पण बारामती-इंदापूर रस्त्यावर तिला लगाम कोण घालणार?

डिसेंबरातली रात्र. बारामतीहून इंदापूरकडे जाणारा पालखी मार्ग. काटेवाडी मागे पडलेली, भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. ट्रॅक्टरचा वेग ताशी वीस किलोमीटर. मागच्या ट्रॉलीला ना टेललॅम्प, ना रिफ्लेक्टर. त्याच रस्त्यावर मागून एक इलेक्ट्रिक एसयूव्ही येतेय. आवाज नाही, गिअर बदलल्याचा झटका नाही. चालकाला वाटतंय आपण ऐंशीनं चाललोय, आणि स्क्रीनवर आकडा आहे ११८.

हा प्रसंग कल्पनेतला आहे, पण ऊस गाळपाच्या हंगामात या पट्ट्यात गाडी चालवलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. म्हणूनच सोशल मीडियावर ‘इलेक्ट्रिक भारी की पेट्रोल भारी’ असा वाद रंगतो, तेव्हा एक प्रश्न बाजूलाच राहतो. गाडी कुठल्याही इंधनावरची असो, तिच्या वेगाला मर्यादा कुणी घालायची? पोलिसांनी, चालकानं की खुद्द गाडीनंच?

इलेक्ट्रिक कार इतकी झपकन कशी पळते?

पेट्रोल इंजिनाला पूर्ण जोर लावायला वेळ लागतो. आधी इंजिनाचे फेरे वाढतात, मग ताकद येते, मधे गिअर बदलावे लागतात. इलेक्ट्रिक मोटरचं तसं नाही. ती शून्य फेऱ्यांपासूनच जवळपास पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, देते. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांना एकच गिअर असतो. त्यामुळे पाय दाबला की गाडी सुटलीच.

आकडे बघा. आपल्या चाकणमध्ये बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ या गाडीत मोठी बॅटरी घेतली तर मोटरची ताकद २१० किलोवॅट, म्हणजे साधारण २८० हॉर्सपॉवर आहे. कंपनीच्या दाव्यानुसार ती ६.७ सेकंदांत शंभरचा वेग गाठते. टाटा हॅरियरचं दोन मोटरवालं इलेक्ट्रिक मॉडेल हेच काम ६.३ सेकंदांत करतं. साध्या पेट्रोल हॅचबॅकला यासाठी ११ ते १४ सेकंद लागतात. महिंद्राच्याच मालकीच्या ऑटोमोबिली पिनिनफरिना कंपनीची बॅटिस्टा तर १.८६ सेकंदांतच शंभरी गाठते, पण ती कोट्यवधींची गाडी.

मुद्दा असा की, काही वर्षांपूर्वीपर्यंत सात सेकंदांच्या आत शंभर गाठणारी गाडी म्हणजे श्रीमंतांची स्पोर्ट्स कार असायची. आता तोच वेग पंचवीस-तीस लाखांच्या घरगुती गाडीत आलाय. गाडी घेणारा बागायतदार असेल, डॉक्टर असेल किंवा एमआयडीसीतला उद्योजक. त्याला रेसिंग करायची नसते. पण ताकद मात्र त्याच्या पायाखाली असतेच.

मग पेट्रोल गाडी मागे पडली का?

सरसकट नाही. सुरुवातीच्या झेपेत इलेक्ट्रिक पुढे, पण लांब पल्ल्यावर सतत वेगात पळायचं म्हटलं की चित्र बदलतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. शंभरऐवजी १२० नं गेलात, तर हवेचा विरोध ४४ टक्क्यांनी वाढतो. पेट्रोल गाडीचं ॲव्हरेजही त्यामुळे पडतं, पण पंपावर पाच मिनिटांत टाकी भरून पुढे जाता येतं. इलेक्ट्रिक गाडीची रेंज मात्र डोळ्यांदेखत घटते आणि चार्जिंगला थांबावं लागतं. शहरात ब्रेक लावताना बॅटरीत थोडी वीज परत येते, हायवेवर एकसारख्या वेगात तेही होत नाही.

थोडक्यात, ताशी ८०-९० च्या वेगानं चालवली तर इलेक्ट्रिक गाडी मालकाच्या फायद्याची. १२० नं हाणली तर पुढच्या चार्जरपर्यंत पोचायची चिंता.

बाकी वीज आणि वेगाचं नातं नवं नाही. जमिनीवर ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी पहिली मोटार पेट्रोलची नव्हतीच. १८९९ साली बेल्जियमच्या कामिय जेनात्झीनं फ्रान्समध्ये तो विक्रम केला तो इलेक्ट्रिक गाडीतून. वेग होता ताशी १०५.८८ किलोमीटर. सव्वाशे वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, चीनच्या बीवायडीच्या यांगवांग यू९ एक्स्ट्रीम या इलेक्ट्रिक गाडीनं जर्मनीतल्या ट्रॅकवर ताशी ४९६ किलोमीटरचा आकडा गाठला.

पण ते ट्रॅकवर. आपला ट्रॅक म्हणजे पाटस-बारामती-इंदापूर.

या रस्त्याचं वेगळेपण काय?

संत तुकाराम महाराज पालखी मार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ९६५ जी. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. पूर्वीचा अरुंद रस्ता रुंद झाला, दुभाजक आले. गाव ते गाव वेळ वाचला. हे चांगलंच झालं.

पण रस्ता बदलला तरी त्याच्या कडेचं जगणं तेच आहे. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी ही सगळी गावं या वाटेवर आहेत. आषाढात याच वाटेनं पालखी सोहळा जातो. काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीत गोल रिंगण होतं. हंगामात ऊसतोड मजुरांच्या बैलगाड्या आणि डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर इथूनच जातात. सकाळी दुधाचे कॅन बांधलेल्या मोटरसायकली आणि सायकलवरची शाळकरी पोरं असतात. वळसा नको म्हणून उलट्या दिशेनं येणारा एखादा दुचाकीवाला असतोच. पलीकडे भिगवणला पुणे-सोलापूर महामार्ग आहे आणि हिवाळ्यात उजनीच्या पाणवठ्यावर फ्लेमिंगो बघायला निघालेली पुण्याची गर्दी.

म्हणजे एकाच रस्त्यावर एक वाहन ताशी पाच किलोमीटरनं चालतंय, दुसरं वीसनं आणि तिसरं एकशेवीसनं. धोका वेगात आहेच, पण त्याहून जास्त तो वेगांमधल्या या फरकात आहे.

या भागानं त्याची किंमत मोजली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये बारामती-भिगवण रस्त्यावर शिकाऊ वैमानिकांच्या कारला भीषण अपघात झाला, तरुण जीव गेले. जुलै २०२५ मध्ये बारामती शहरात डंपरखाली सापडून दुचाकीवरचे वडील आणि त्यांच्या दोन मुलींचा मृत्यू झाला. त्या वेळी शहरातल्या अवजड वाहतुकीवरून लोकांचा संताप उसळला होता.

वीस किलोमीटरनं असा काय फरक पडतो?

साधा हिशेब करू. धोका दिसून ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद धरू आणि रस्ता कोरडा, टायर चांगले असं मानू.

– ताशी ८० च्या वेगात गाडी थांबायला साधारण ७० मीटर लागतात.
– ताशी १०० ला साधारण १०० मीटर.
– ताशी १२० ला साधारण १३० मीटर.

रात्री डिपरवर समोरचं जेमतेम ५०-६० मीटर स्पष्ट दिसतं. पंक्चर होऊन अंधारात उभी असलेली उसाची ट्रॉली ६० मीटरवर दिसली आणि गाडी शंभरनं चालली असेल, तर ब्रेक कितीही चांगले असोत, गाडी आधी थांबणार नाही. त्यात इलेक्ट्रिक गाडी बॅटरीमुळे जड असते. मोठ्या इलेक्ट्रिक एसयूव्हीचं वजन दोन टनांच्या पुढे जातं. चांगले टायर-ब्रेक असतील तर ती थांबते जवळपास तेवढ्याच अंतरात, पण धडक बसली तर समोरच्या हलक्या वाहनाला बसणारा तडाखा मोठा असतो.

आता वाचतं काय ते बघा. बारामती ते इंदापूर अंतर साधारण ५० किलोमीटर. सलग ८० नं गेलात तर साडेसदतीस मिनिटं. शंभरनं अर्धा तास. १२० नं पंचवीस मिनिटं. म्हणजे शंभरवरून १२० वर जाऊन मिळतात पाच मिनिटं, आणि धडकेची ऊर्जा वाढते ४४ टक्क्यांनी. हेही मधे एकही गाव, ट्रॅक्टर किंवा टोलनाका आला नाही असं धरून.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा रस्ते अपघातात मृत्यू झाला. त्यातल्या ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदवलं गेलं. त्याच वर्षी महाराष्ट्रात १५ हजार २२४ माणसं गेली.

कायदा कुणाला लगाम घालतो?

इथं खरी गंमत आहे. गाडीतच वेग अडवणारं यंत्र, म्हणजे स्पीड गव्हर्नर, आपल्याकडे सक्तीचं आहे. पण ते कुणाला?

ऑक्टोबर २०१५ पासून बनलेल्या बहुतेक व्यावसायिक वाहनांना ताशी ८० ची मर्यादा आहे. डंपर, टँकर आणि स्कूल बसला ताशी ६०. पोरं चालवतात त्या छोट्या, बिनानोंदणीच्या ई-स्कूटरला तर मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ पेक्षा कमी असावा लागतो. त्यात फेरफार करून वेग वाढवणाऱ्यांवर महाराष्ट्राच्या परिवहन विभागानं २०२२ मध्ये कारवाईचे आदेश दिले होते.

आणि खासगी कार? तिला फक्त बीप. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या कारमध्ये ताशी ८० ओलांडले की अधूनमधून बीप वाजतो आणि १२० ओलांडले की तो सतत वाजत राहतो. गाडी मात्र पळतच राहते. पकडले गेलात तर मोटार वाहन कायद्यानुसार हलक्या वाहनाला दंड एक ते दोन हजार रुपये. तीस लाखांच्या गाडीच्या मालकाला हा दंड म्हणजे एका जेवणाचं बिल.

म्हणजे ताशी २५ नं जाणाऱ्या स्कूटरला कायद्याची वेसण आहे आणि दोनशेच्या आसपास जाऊ शकणाऱ्या कारला फक्त घंटी.

याचं भयानक उदाहरण पुणे जिल्ह्यानंच पाहिलंय. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेनं दुचाकीला उडवलं आणि दोन तरुण इंजिनिअर्सचा जीव गेला. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. तीनशे शब्दांच्या निबंधाची अट, रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप यावर देशभर चर्चा झाली. पण ती गाडी टायकान, म्हणजे पूर्णपणे इलेक्ट्रिक होती, याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. दोन टनांहून जड आणि अनेक स्पोर्ट्स कारना मागे टाकणारी गाडी शहरातल्या रस्त्यावर होती. तिला त्या वेगापर्यंत जाण्यापासून रोखणारं गाडीत काहीच नव्हतं.

गाडीनंच वेग अडवला तर?

इलेक्ट्रिक गाडीत हे सर्वात सोपं आहे. तिचा जोर आधीच सॉफ्टवेअर ठरवतं. ‘इको’ मोडला गाडी सौम्य होते, ‘स्पोर्ट’ला उसळते. २०२० मधली पहिली नेक्सॉन ईव्ही तर कंपनीनंच ताशी १२० ला रोखलेली होती, आणि म्हणून ती कुणी नाकारली नाही. व्होल्वोनं २०२० पासून आपल्या सगळ्या नव्या गाड्या ताशी १८० ला रोखल्या आहेत. युरोपीय संघात ७ जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये फलक किंवा नकाशावरून वेगमर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रणा सक्तीची आहे. चालक ती बाजूला सारू शकतो, पण दर वेळी गाडी सुरू केली की ती पुन्हा चालू होते.

विरोधातले मुद्देही आहेत आणि ते खोटे नाहीत. ओव्हरटेक करताना जास्त वेग लागतो, असं चालक म्हणतात. पण १२० ला मर्यादा घातली तरी ओव्हरटेकसाठी लागणारा झटपट जोर तसाच राहतो, कमी होतो तो फक्त सर्वाधिक वेग. गव्हर्नर लोक काढून टाकतात, हे ट्रकच्या बाबतीत अनेकदा दिसलंय. म्हणून तपासणी हवीच. सगळ्यात वजनदार आक्षेप फलकांचा आहे. फलकच नसेल, फांदीआड असेल किंवा त्यावर पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स असेल, तर गाडी वाचणार काय? आणि ताशी १२० ची मर्यादा हायवेवर उपयोगी पडेल, अंथुर्ण्याच्या चौकात नाही. तिथं ५० सुद्धा जास्तच.

म्हणून तज्ज्ञ एकाच उपायावर विसंबत नाहीत. फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथं माणसं आणि वाहनं एकत्र वावरतात तिथं ताशी ३० ची मर्यादा असावी, असं म्हटलंय. आपल्याकडे त्याचा अर्थ सरळ आहे. गावाजवळ मर्यादेचे ठळक फलक, सर्व्हिस रोड, भुयारी मार्ग आणि प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर २०२४ मध्ये सुरू झाली तशी कॅमेऱ्यांची यंत्रणा. आणि खासगी कारलाही, पेट्रोल असो वा इलेक्ट्रिक, एक कमाल मर्यादा.

मग इलेक्ट्रिक घ्यायची की पेट्रोल?

रोजचा प्रवास ठरलेला असेल, घरी चार्जिंगची सोय असेल, तर इलेक्ट्रिक परवडते. धूर नाही, आवाज नाही. त्याबद्दल वाद नाही. पण गाडी घेताना शोरूममध्ये ‘शून्य ते शंभर किती सेकंदांत’ हे विचारतो, तसा आणखी एक प्रश्न विचारायला हवा. या गाडीत वेगमर्यादा लॉक करता येते का? अनेक नव्या गाड्यांत ती सोय असते, पण सेटिंगमध्ये दडलेली. घरात नुकतंच लायसन्स मिळालेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर तो पर्याय पहिल्याच दिवशी शोधून ठेवावा.

कारण साडेसहा सेकंदांत शंभर गाठायला गाडीला साधारण शंभर मीटर रस्ता लागतो. शंभरवरून थांबायला आणखी शंभर. आणि उसाची ट्रॉली त्याच्या अलीकडेही असू शकते.