पडदा काळा? थांबा, घाबरू नका!

काय दोस्तांनो, कॉम्प्युटर चालू केला, पंखा घुरघुरला, पण पडदा काळाकुट्ट! लगेच ‘मॉनिटर गेला’ म्हणून घरभर ओरडायचं नाही. पुष्कळदा दुखणं मॉनिटरच्या पोटात नसतंच, ते मागच्या केबलमध्ये असतं. मग दुरुस्तीचा खर्च म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

मॉनिटरला दोन केबल असतात. एक वीज आणते, दुसरी चित्र. आता क्रमाने तपासू या.

मॉनिटरचा छोटा दिवा पेटलाय का? नसेल तर आधी भिंतीवरचं बटण आणि विजेची केबल बघा. दिवा पेटलाय आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’ आलंय? छान! मॉनिटर जिवंत आहे. तो सांगतोय, “मला चित्रच मिळत नाहीये!” मग बटण बंद करून चित्राची केबल दोन्ही टोकांना नीट बसवा. एचडीएमआय केबल वापरत असाल, तर मॉनिटरच्या मेनूत तेच निवडलंय ना, तेही पाहा.

जुन्या व्हीजीए केबलला तीन ओळींत १५ पिनांची जागा असते. लाल, हिरवा, निळा या रंगांच्या तारा वेगवेगळ्या. त्यामुळे निळ्याचा संपर्क तुटला की पांढरा कागद पिवळा दिसतो. रंग बिघडला म्हणजे मॉनिटर बिघडला असं नाही! मात्र ही केबल जोर लावून घुसवू नका, पिन वाकते.

“पण केबलला कुणी हातसुद्धा लावला नव्हता!” असं रत्नागिरीचे दोस्त म्हणतील. अहो, मांडवी, भाट्ये, मिरकरवाडा इथला खारा, दमट वारा लावतो ना हात! धातूच्या पिनांवर हळूहळू थर चढतो. बटण बंद करून केबल दोन-तीनदा काढली-घातली की बऱ्याचदा काम होतं. पॉलिश पेपरने घासू मात्र नका.

कोकणातला दुसरा शत्रू म्हणजे वीज. पावसाळ्याच्या तोंडावर आणि ऑक्टोबरात परतीच्या पावसात ती कडाडते. आभाळ भरून आलं की लगेच कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा, इंटरनेटची केबलही काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, बटणातली ती छोटीशी फट वीज सहज ओलांडते. आणि कडकडाट सुरू झाल्यावर केबलला हात लावायचा नाही.

सगळ्यात महत्त्वाचं! मॉनिटर कधीही उघडायचा नाही. जुन्या, मोठ्या पोटाच्या रंगीत मॉनिटरमध्ये २० हजार व्होल्टहून जास्त दाब असतो आणि तो प्लग काढल्यावरही आत टिकून राहू शकतो. आई-बाबांनो, ही तपासणी मुलांना जरूर करू द्या, पण शेजारी उभे राहा. आणि हात कोरडे हवेत!

जाता जाता एक कोडं: पांढरा कागद आकाशी-हिरवट दिसला, तर कोणता रंग हरवला?

(उत्तर: लाल)