विश्लेषण : आजीच्या तन्मण्याची किंमत कोण ठरवणार?

आई-वडिलांच्या पश्चात बँकेतला लॉकर उघडला, की सोन्याचा हिशेब तासाभरात लागतो. कारण सोन्याचा भाव रोज छापून येतो. घोडे अडते ते तन्मणी, नथ आणि माणकाच्या अंगठीपाशी. रत्नांना असा जाहीर भाव नाही. मग सराफ सांगेल तो आकडा मान्य होतो आणि नुकसानीची सुरुवात तिथेच होते.

सराफाकडे खड्यांचे पैसे का मिळत नाहीत?
दागिना मोडीत घेताना खडे, मोती आणि कुंदनकामातील लाख यांचे वजन सहसा वजा केले जाते. हॉलमार्क सोन्या-चांदीची शुद्धता सांगतो, खड्याची नाही. खडा पुन्हा विकला जाईल याची सराफाला खात्री नसते. यात दरवेळी फसवणूक असतेच असे नाही. पण पैसे मिळणार नसतील, तर खडे काढून परत मागायला हवेत.

जुने ते अस्सलच?
हा समज सर्वांत महागात पडतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑगस्त व्हर्नॉय यांनी कृत्रिम माणिक बनवण्याची पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली. त्यामुळे पणजीच्या अंगठीतील माणिकही कृत्रिम असू शकते. उलट, पिवळट पडले म्हणून बाजूला टाकलेले मोती बसऱ्याचे, म्हणजे पर्शियन आखातातील नैसर्गिक मोती असू शकतात. नैसर्गिक आणि संवर्धित मोत्यांतला फरक खात्रीने कळण्यासाठी क्ष-किरण तपासणी लागते.

किंमत कशावर ठरते?
वजन (१ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम), रंग, स्वच्छता, पैलू आणि खड्यावर झालेली प्रक्रिया यांवर. माणकाच्या भेगांत काच किंवा पाचूत तेल भरलेले असेल, तर किंमत घसरते. प्रयोगशाळेचा अहवाल खडा काय आहे हे सांगतो, भाव नाही. विम्यासाठीच्या दाखल्यावरील रक्कम म्हणजे तसाच दागिना नव्याने घ्यायचा खर्च. विकताना त्याहून बरेच कमी मिळतात. प्रयोगशाळेत तयार होणारे हिरे स्वस्त झाल्याने हिऱ्यांच्या बाजारावरही दबाव आहे.

कर लागतो का?
वारसा मिळताना नाही. विकताना भांडवली नफ्यावर लागतो. दागिना १ एप्रिल २००१ पूर्वीचा असेल, तर त्या दिवसाचे बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येते. मूळ मालकाचा काळ मिळून २४ महिन्यांहून अधिक झाले असतील, तर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के दर लागू आहे.

मग शहाणपण कशात?
जो विकत घेणार, त्यालाच किंमत ठरवू देऊ नये. जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, जीआयए, आयजीआय यांच्या प्रयोगशाळा मुंबईत आहेत. आधी अहवाल, मग दोन-तीन ठिकाणी भाव, हा क्रम पाळावा. तोवर जुना दागिना उसवू नये. अखंड जुन्या घडणीलाही गिऱ्हाईक असते. आणि तपासणी विक्रीआधीच नव्हे, वाटणीआधी व्हावी. एकीला बांगड्या, दुसरीला नथ अशी डोळ्यांच्या अंदाजाने केलेली वाटणी समान दिसते, पण असतेच असे नाही. तपासणीच्या शुल्कापेक्षा बहिणींमधला अबोला फार महाग पडतो.