पिकअप हवा की डिकी?

फ्रिज घ्यायचा असला की घरातली पुरुषमंडळी मोठ्या मनाने म्हणतात, "तू बघ, तुलाच वापरायचाय." मिक्सरचं तसंच, वॉशिंग मशीनचंही तसंच. पण गाडीचा विषय निघाला की बैठकच वेगळी भरते. मित्र येतात, मेव्हणे येतात, गॅरेजवाला तर मानाचा पाहुणा. मायलेज, टर्बो, पिकअप असे शब्द उडत असतात. आपण चहाचा ट्रे घेऊन गेलो की एकच प्रश्न आपल्या वाट्याला येतो, "वहिनी, रंग कोणता घ्यायचा?"

मैत्रिणींनो, रंग सांगून स्वयंपाकघरात परतायचं की ट्रे ठेवून तिथेच खुर्ची ओढायची, हे आता आपण ठरवायला हवं. घर बांधून झालं की त्यानंतरचा सगळ्यात मोठा खर्च बहुतेक घरांत गाडीचाच असतो. आणि त्या गाडीत मागे कोण बसतं, डिकीत काय जातं, रात्री-अपरात्री ती कशासाठी निघते, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असतं?

आमच्या राजूरच्या घरात दोन महिने हाच विषय चालू आहे. आमच्याकडे २०१६ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आहे. नवी घेतलेली नाही, खत-बियाण्यांच्या दुकानाला तेवढं कुठलं परवडायला! ओळखीतून सेकंड हँड मिळाली. इकडे या गाडीचं जरा अप्रूप आहे, कारण ती जालना रोडवरच्या आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली जायची. २००१ पासून तिथे या कंपनीचं काम सुरू झालं. दिसायला साधी, पोक्त गाडी. पण १८०० सीसीचं टर्बो इंजिन आणि १८० अश्वशक्ती. ट्रकला ओव्हरटेक करताना देवाचं नाव घ्यावं लागत नाही. डिकी ५९० लिटरची, तीही मागच्या काचेसकट वर उघडणारी. मागची सीट पाडली तर लग्नाचं सामान बसतं.

आमच्या चिरंजीवांना ही गाडी आता 'म्हातारी' वाटते. पुण्यात नोकरीला लागल्यापासून त्याच्या डोळ्यांसमोर स्पोर्टी हॅचबॅक नाचतेय. ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन २०२१ मध्ये आली, टाटांची अल्ट्रोझ रेसर २०२४ मध्ये आली. दोन्ही छोट्या, चटपटीत. लाल दोऱ्याची शिलाई, बाहेरून पट्टे, आवाजही जरा भारदस्त. "आई, चालवून तर बघ," असं तो दर रविवारी फोनवर म्हणतो. यांनाही आतून गोडी लागलीय, फक्त बोलून दाखवत नाहीत.

मी माहिती काढायला लागले आणि पहिलीच गंमत कळली. या दोन्ही 'स्पोर्टी' गाड्यांची ताकद १२० अश्वशक्ती! म्हणजे म्हातारी तिच्या सुनेपेक्षा दीडपट ताकदवान. अर्थात, छोटी गाडी वजनाने हलकी असते, गल्लीबोळात पटकन वळते, स्टेअरिंगला हलक्या हाताने दाद देते, म्हणून ती चपळ वाटते आणि असतेही. ते मी नाकारत नाही. पण 'स्पोर्टी' हा शब्द ऐकला की जास्त ताकद असं जे आपण धरून चालतो, ते काही खरं नाही.

दुसरी गंमत लांबीची. आय-ट्वेंटी भरते ३,९९५ मिलिमीटर, चार मीटरला फक्त पाच मिलिमीटर कमी. मसुरीचा एक दाणा ठेवला तर भरून निघेल! हे काटेकोर माप सरकारी कराचं आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरचा कर कमी केला आणि तेव्हापासून कंपन्या त्या रेषेच्या आत गाडी बसवू लागल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा छोट्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. तेव्हा छोट्या गाडीची किंमत गोड वाटते त्यात कराचा वाटा मोठा आहे. पण लांबी कापायची तर कुठून कापणार? इंजिन हवंच, ड्रायव्हरला पाय पसरायला जागा हवीच. कात्री लागते ती मागच्या सीटला आणि डिकीला. आय-ट्वेंटीची डिकी ३११ लिटरची. म्हणजे आमच्या आताच्या डिकीच्या जेमतेम निम्मी.

आणि मागची सीट आणि डिकी म्हणजे तर आपलंच राज्य, हो की नाही?

मी एक महिना वही ठेवली. गाडी कधी निघाली, कोण बसलं, मागे काय होतं, एवढंच लिहायचं. महिन्याअखेर ४१ फेऱ्या भरल्या. त्यातल्या १७ फेऱ्यांत चार किंवा जास्त माणसं. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी जालन्याला नऊ फेऱ्या, दर वेळी डिकीत वॉकर. आमचा बचत गट मिरचीचं लोणचं करतो, त्यासाठी पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून मिरचीची पोती आणि जाताना बरण्यांचे खोके. (गाडीला आठ-आठ दिवस मिरचीचा वास राहतो. चिरंजीव सुट्टीला आले की आधी काचा उघडतात.) तीन वेळा रात्री दवाखाना. १०८ ची ॲम्ब्युलन्स २०१४ पासून आपल्याकडे आहे आणि मी बायकांना आधी तोच नंबर लावायला सांगते. पण ती दुसऱ्या गावाला गेलेली असली तर वस्तीवरचं माणूस आमचं दार वाजवतं. कळा सुरू झालेल्या बाईला मागच्या सीटवर आडवं व्हावं लागतं, तिच्यासोबत तिची आई किंवा जाऊ असते. अशा वेळी लाल दोऱ्याची शिलाई कुणाला दिसते?

आणि निव्वळ वेगाचा आनंद घ्यावा अशा फेऱ्या किती? दोन. दोन्ही चिरंजीवांच्या.

राजूरचा रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना आणखी एक सांगायला नको. अंगारकीच्या आदल्या रात्री जालन्याहून गणपतीला पायी येणाऱ्यांची रांग लागते. म्हाताऱ्या बाया, कडेवर लेकरं, कुणी अनवाणी. त्या रात्री सगळ्यात भारी गाडीसुद्धा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच चालते आणि चालायलाच हवी.

आता पैशांचं. नव्या गाडीचं कोटेशन सगळं धरून साडेबारा लाखांचं. जुनीचे साडेपाच लाख देतो म्हणाले. उरले सात लाख. नऊ टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज घेतलं तर हप्ता साडेचौदा हजारांचा, म्हणजे सात लाखांचे जवळपास पावणेनऊ लाख भरायचे. यांचं म्हणणं, जुनी गाडी पेट्रोल जास्त पिते, सुटे भाग महाग, सर्व्हिसिंगला थेट संभाजीनगर गाठावं लागतं. खरं आहे. म्हणून तेही मांडलं. महिन्याला साधारण बाराशे किलोमीटर चालते; छोट्या गाडीने पेट्रोलचे तीन हजार वाचतील. गेल्या वर्षी दुरुस्तीला सत्तर हजार गेले, ते नव्या गाडीत फारसे लागणार नाहीत, म्हणजे महिन्याचे आणखी पाचेक हजार धरा. आठ हजार वाचले आणि साडेचौदा हजार गेले. साडेसहा हजारांचा खड्डा दर महिन्याला. कापसाला भाव नाही, दुकानाची उधारी वसूल होत नाही, अशा वर्षी हा खड्डा कशातून भरायचा, हे बैठकीत कुणीच बोललं नव्हतं. वही समोर ठेवल्यावर बोलले.

आपल्या मराठवाड्यात गाडीचा हिशेब कागदावर कमी आणि चारचौघांत जास्त होतो. आठवतंय ना, ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या गेल्या होत्या? पासष्ट कोटींच्या आसपासचा तो सौदा देशभर गाजला. आम्हालाही अभिमान वाटला, का वाटू नये? मुंबई-पुण्याने आपल्याला मागास म्हणायचं आणि आपण एका दिवसात दीडशे मर्सिडीज! पण त्या दीडशे घरांतल्या किती जणींनी गाडीच्या कागदावर सही केली असेल, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता.

यावर कुणी म्हणेल, बाईला गाडी म्हणजे सामानाचा टेम्पोच हवा. तसं मुळीच नाही! मी अडतिसाव्या वर्षी गाडी शिकले. जालन्याहून एकटी परत येताना रस्ता मोकळा मिळाला, शेतांवर ऊन उतरलेलं असलं, की मीही ॲक्सिलरेटर जरा दाबते आणि ती पोक्त गाडी अशी काही झेपावते की अंगावरून मोरपीस फिरावं. वेगाची हौस ही काही पोरांची मक्तेदारी नाही. सातारच्या सुरेखा यादव यांनी मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईपर्यंत वंदे भारत चालवत नेली. बाईच्या हाताला वेग पेलतो की नाही, ही चर्चा तिथे संपली. छोटी गाडी मी चालवून पाहिली आणि मला ती आवडली, हेही लिहून ठेवते. तो चक्कर मारण्याचा योग मात्र सहज आला नाही. आम्ही तीन-चार शोरूम फिरलो, त्यातल्या एका ठिकाणी किल्ली सरळ मुलाच्या हातात दिली आणि मला कोल्ड्रिंक विचारलं. मी म्हटलं, "भाऊ, लायसन्स माझ्याकडे आहे, कोल्ड्रिंक त्याला द्या."

मला खरी काळजी वेगळीच आहे. समृद्धी महामार्ग आपल्या जालन्याजवळून जातो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला, जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटर पूर्ण झाला. तिथे ताशी १२० ची मुभा आहे. गुळगुळीत रस्ता, बाविशीचं वय, आणि 'स्पोर्ट' असं लिहिलेली गाडी. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर बस पेटून २५ माणसं गेली, ती बातमी आपण सगळ्यांनी सुन्न होऊन वाचली. मे २०२४ मध्ये पुण्यात एका अल्पवयीन मुलाच्या हातातल्या महागड्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. माझा मुलगा सज्ञान आहे, समंजस आहे, पण आईचं मन समंजसपणाची पावती मागत बसत नाही. गाडीचं नाव बदललं की चालवणाऱ्याचा पायही थोडा बदलतो, असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाला पटो न पटो.

म्हणून गाडी कुठलीही घ्या, दोन गोष्टी विचाराच. एक, अपघात चाचणीत तिला किती तारे आहेत. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची 'भारत एनकॅप' चाचणी आहे, शोरूमवाल्याला तिचा निकाल दाखवायला सांगायचं, लाजायचं नाही. दोन, मागच्या सीटचा पट्टा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. मागच्यांनाही पट्टा कायद्याने सक्तीचा आहे. आपल्या बायका म्हणतात पदर चुरगळतो, निऱ्या विस्कटतात. विस्कटू द्या!

तर आमच्याकडे काय ठरलं? म्हातारी राहणार. तिची नोंदणी २०३१ पर्यंत आहे, तोवर सासूबाईंचे गुडघे आणि गटाच्या बरण्या तिच्याच हवाली. चिरंजीव दोन दिवस गप्प होता. मग मीच फोन केला. म्हटलं, तुला पुण्यात हवी असेल तर तुझ्या पगारातून, तुझ्या हप्त्याने घे, आम्ही हौसेने पूजेला येऊ. त्याने स्वतःच हप्ता मांडून पाहिला आणि सध्या जुनी बाईकच बरी म्हणाला. मुंबईला जायचं झालं तर जालन्याहून वंदे भारत आहेच, आणि गटातल्या बायका तर मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटात एसटीने खुशाल फिरतात, त्यांना कुणाच्या पिकअपची गरज नाही. यांनी एक अट घातली, टायर बदलायचे. ती मी आनंदाने मान्य केली, कारण टायर खरंच झिजलेत आणि पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना माझ्याच छातीत धस्स होतं. माझीही एक अट होती. लेकीला याच गाडीवर शिकवायचं, आणि पुढची गाडी येईल तेव्हा ती माझ्या किंवा तिच्या नावावर घ्यायची.

लेकीचं लर्निंग लायसन्स आलं आहे. शनिवारी जालन्याला टायर बसवायला जायचंय. रिकामं कशाला जायचं, म्हणून बरण्यांचे सहा खोके तेवढे आजच बांधून ठेवले.